शेवटचे चार किलोमीटर

मुलांनो, गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी एकीचं पत्र आलं. पुण्याची आहे, सहावीत शिकते. लिहिते, "बाई, रविवारी सकाळपासून आमच्याकडे वायफाय बंद होतं. दुपारी तीन वाजता सुरू झालं. तोपर्यंत काय करावं तेच सुचेना. माझी प्रकल्पवहीची चित्रं अडली, दादाचा क्लास बुडला, आजीचं कीर्तन राहिलं. घरात नुसती चिडचिड! तुमच्या शाळेत नेट गेलं की तुम्ही काय करता?"

पत्र वाचून मला हसू आलं. मी ते वर्गात वाचून दाखवलं, तर आमची मुलंही हसायला लागली. तिसरीतला एक जण उठून म्हणाला, "बाई, तिला लिहा, आमच्याकडे नेट जात नाही. जायला ते आधी यावं लागतं!"

तर आजची आपली पाटी याच विषयावर. आधी आमचा पाडा कुठे आहे ते सांगते.

आमची शाळा जिल्हा परिषदेची. पालघर जिल्ह्यात, जव्हारच्या पुढे डोंगरात. पहिली ते पाचवी, शिक्षक दोन, मुलं छत्तीस. पाड्यावर साठेक घरं. भात, नागली, वरई पिकते. दिवाळीनंतर निम्मी घरं वीटभट्टीच्या कामाला बाहेर पडतात. ग्रामपंचायतीचं कार्यालय मोठ्या गावात, इथून चार किलोमीटरवर. मध्ये एक खिंड आणि दोन ओढे.

शाळेच्या मागे टेकडी आहे. अर्धी चढून गेलं की एक काळा खडक लागतो. त्यावर उभं राहून, तोंड बरोबर पश्चिमेला करून मोबाइल वर धरला, की कधी एक काडी दिसते, कधी दोन. म्हणून त्याचं नाव पडलंय 'रेंजचा दगड'. कुणाला मुंबईला फोन करायचा असो, रेशनचा निरोप असो, की आम्हां शिक्षकांना रोजची माहिती भरायची असो, सगळे जण त्या दगडावर. पावसाळ्यात तो निसरडा होतो. एकदा मीच तिथून घसरले आणि आठवडाभर लंगडत शाळेत आले!

हे ऐकायला गमतीचं वाटतं ना? आता एक गंमत नसलेली गोष्ट सांगते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या पाचवीत एक मुलगी होती. गणितात अशी तल्लख, की मी फळ्यावर उदाहरण पुरं लिहायच्या आत उत्तर सांगायची. एका निवासी शाळेची प्रवेशपरीक्षा पाचवीत असताना देता येते. ती एकदाच देता येते, पुन्हा संधी नाही. मी तिच्या वडिलांशी बोलले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणाल तसं." आम्ही अभ्यास सुरू केला. फॉर्म मात्र ऑनलाइनच भरायचा होता. एक दाखला मिळायला उशीर झाला आणि हाताशी शेवटचे दोन दिवस उरले.

पहिल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी, ती आणि तिचे वडील दगडावर गेलो. नाव भरलं, जन्मतारीख भरली, पत्ता भरला. फोटो चढवायला लागलो आणि पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय... आणि पान बंद! पुन्हा पहिल्यापासून. असं चार वेळा झालं. अंधार पडला तेव्हा खाली उतरलो.

दुसरा दिवस शेवटचा. मुदत रात्री बारापर्यंत. दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला गेले होते, त्यामुळे शाळा सोडून मला तालुक्याला जाता येईना. शाळा सुटताच आम्ही तिघं पावसातून चालत मोठ्या गावात गेलो. तिथे रेंज बरी असते. एका दुकानाच्या ओट्यावर बसलो. या वेळी फोटो गेला, सह्या गेल्या. आता फक्त मुख्याध्यापकांच्या दाखल्याचा फोटो राहिला होता. तेवढ्यात वीज कडाडली, गावातले दिवे गेले आणि थोड्या वेळानं मोबाइलवरची शेवटची काडीही गेली. टॉवरलासुद्धा वीज लागतेच ना! रात्री उशिरापर्यंत थांबलो. काडी काही परत आली नाही.

परतताना विजेरीच्या उजेडात ती माझ्या पुढे चालत होती. खिंडीत आल्यावर मागे न बघताच तिनं विचारलं, "बाई, फॉर्म भरताना माझं काय चुकलं?"

मुलांनो, खरं सांगते, त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही. "तुझं काहीच चुकलं नाही," एवढंच म्हणाले. माझं मात्र चुकलं होतं. दाखला उशिरा मिळणार हे मी आधी ओळखायला हवं होतं. पण नंतर मला वाटायला लागलं, की फक्त माझं चुकलं म्हणूनही हे संपत नाही. पुण्यातल्या मुलीच्या बाई शेवटच्या दिवसापर्यंत थांबल्या असत्या, तर काय झालं असतं? पाच मिनिटांत फॉर्म गेला असता! म्हणजे तीच चूक एका मुलीला माफ होते आणि दुसरीला होत नाही. असं का, याचा मी शोध घ्यायचं ठरवलं.

सगळ्यात आधी मी वर्गाला विचारलं, "इंटरनेट येतं कुठून?" सगळे एकसुरात म्हणाले, "आभाळातून!" तुमचंही उत्तर हेच असेल, हो ना? पण ते खरं नाही बरं का. मोबाइलपासून टॉवरपर्यंतचा प्रवास तेवढा हवेतून होतो. त्यापुढचा बराचसा प्रवास जमिनीखालून आणि समुद्राखालून होतो. काचेचे केसासारखे बारीक तंतू असतात. त्यांतून प्रकाश पळतो आणि तोच आपला निरोप नेतो. युरोपकडून, सिंगापूरकडून अशा केबल समुद्राच्या तळावरून हजारो किलोमीटर येतात आणि भारतात त्यांतल्या कितीतरी कुठे किनाऱ्याला लागतात माहीत आहे? आपल्या मुंबईला!

आता नकाशा काढा. मुंबईपासून आमच्या भागापर्यंत रस्त्यानं साधारण दीडशे किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश एका सेकंदात सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे मुंबईहून आमच्याकडे यायला त्याला सेकंदाचा हजारावा भागसुद्धा लागणार नाही. अख्खा समुद्र ओलांडून आलेला निरोप आमच्या दारात येऊन अडतो तो शेवटच्या चार किलोमीटरवर!

तुमच्यापैकी ज्यांची शेती पाटाच्या पाण्यावर आहे त्यांना हे लगेच समजेल. धरण भरलेलं असतं, मोठा कालवा वाहत असतो, पण पाटाच्या अगदी टोकाच्या शेतात पाणी पोचत नाही. इंटरनेटचंही तसंच आहे. शहर, तालुका, मोठं गाव आणि शेवटी पाडा.

आता हे पाणी टोकापर्यंत का पोचत नाही? तीन कारणं ध्यानात ठेवा.

पहिलं कारण हिशोबाचं. टॉवर उभारायला किंवा केबल पुरायला शहरात खर्च येतो तसा डोंगरातही येतो, उलट खडक फोडायचा म्हणून जास्तच. शहरातल्या एका टॉवरखाली हजारो माणसं रिचार्ज करतात. आमच्याकडे घरं साठ. कंपनी वही उघडून जमाखर्च मांडते आणि वही बंद करते.

दुसरं कारण डोंगराचं. मोबाइलच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की पलीकडे त्यांची सावली पडते. आमचा पाडा बरोबर अशा सावलीत आहे.

तिसरं कारण देखभालीचं. केबल एकदा पुरली म्हणजे काम संपत नाही. रस्ता खोदताना ती तुटते. वीज गेली की यंत्रं बंद पडतात, बॅटरी उतरते. शहरात बिघाड झाला तर तासाभरात माणूस येतो. दुर्गम गावात त्याला यायलाच दिवस लागतो.

काही जण म्हणतात, "अहो बाई, बिघाड नसला की फोन लागतो ना? मग झालं की!" नाही हो, झालं नाही. फोन लागणं वेगळं आणि ब्रॉडबँड असणं वेगळं. एक पायवाट, तर दुसरा हमरस्ता. पायवाटेनं माणूस जाईल, ट्रक जाणार नाही. किती वेग असला की त्याला ब्रॉडबँड म्हणायचं, हे सरकार ठरवतं. २००४ सालच्या धोरणात तो सेकंदाला किमान २५६ किलोबिट होता. २०२३ साली तो किमान २ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला २० लाख बिट, असा ठरला. साधा एक मेगाबाइटचा फोटो म्हणजे सुमारे ८० लाख बिट. ब्रॉडबँडवरून तो ४ सेकंदांत जातो. आमच्या दगडावर वेग कधी कधी सेकंदाला २० हजार बिट इतका खाली येतो. मग त्याच फोटोला ४०० सेकंद लागतात. म्हणजे पावणेसात मिनिटांच्या आसपास! तेवढा वेळ काडी टिकली तर.

२०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा तुमच्यापैकी बहुतेकांची शाळा घरातल्या मोबाइलवर भरली. आमची कुठे भरणार? आम्ही दोघं गुरुजी-बाई वह्या आणि स्वाध्यायपत्रिका घेऊन घरोघर फिरायचो. तरीसुद्धा शाळा उघडली तेव्हा तिसरीची मुलं पाढे विसरलेली होती, आणि पहिलीत नाव घातलेल्या मुलांनी तर शाळा आतून पाहिलीच नव्हती. अभ्यासातला तो खड्डा अजून पुरता भरलेला नाही.

मग यावर उपायच नाही का? आहे तर! आणि उपाय शोधणारी माणसंही आहेत.

आपली एसटी आठवा. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही पहिली गाडी धावली. पुढे 'गाव तिथे एसटी' म्हणत ती आडगावांपर्यंत गेली. सात प्रवासी असले तरी मुक्कामाची गाडी निघायची, कारण त्या सातांतच एक बाळंतीण असायची, एक परीक्षेला निघालेला विद्यार्थी असायचा. एसटीनं फक्त जमाखर्चाची वही बघितली असती, तर आमच्यासारख्या कितीतरी गावांतून शिक्षकच झाले नसते. मी स्वतः डीएड केलं ते मुक्कामी गाडीनं जाऊन-येऊन.

टेलिफोनची गोष्टही अशीच आहे. त्या काळी परदेशी बनावटीच्या टेलिफोन यंत्रांना थंडगार वातानुकूलित खोली लागायची. आपल्या खेड्यात कुठून आणणार ती? १९८४ साली सुरू झालेल्या सी-डॉट या आपल्या संस्थेतल्या इंजिनिअरांनी, सॅम पित्रोदा यांच्या पुढाकारानं, १२८ जोडण्यांचं एक छोटं केंद्र बनवलं. ते उन्हात, धुळीत, बिनएसीचं चालायचं. १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूर इथे पहिलं केंद्र बसलं आणि मग गावोगावी फोन वाजायला लागले. पाहा हं, त्यांनी गावाला यंत्रासारखं व्हायला सांगितलं नाही. यंत्रालाच गावासारखं केलं!

इंटरनेटच्या बाबतीत असाच एक प्रयोग आमच्याच पालघर जिल्ह्यात झाला. मुंबईच्या आयआयटीतल्या प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्राममार्ग' नावाचा प्रकल्प केला. टीव्हीसाठी राखून ठेवलेल्या लहरींपैकी बऱ्याच आपल्याकडे रिकाम्या पडून असतात. या लहरी वायफायच्या लहरींपेक्षा लांब पोचतात आणि झाडाझुडपांतूनही बऱ्यापैकी वाट काढतात. मग मोठ्या गावापर्यंत आलेलं इंटरनेट त्यांच्यावर बसवून पुढे का न्यायचं नाही? खामलोली आणि आसपासच्या अशा सात गावांत त्यांनी हे करून बघितलं. २०१७ साली मोझिला या संस्थेच्या जागतिक स्पर्धेत या प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं. म्हणजे शेवटचे चार किलोमीटर ओलांडता येतात, हे आमच्याच जिल्ह्यात सिद्ध झालेलं आहे.

"पण पैसा?" असं तुमचे बाबा विचारतील. त्याचीही सोय आहे. २००२ सालापासून सरकारनं एक निधी ठेवला आहे. टेलिफोन-मोबाइल कंपन्यांच्या उत्पन्नातून शंभराला पाच रुपये या हिशोबानं त्यात पैसे जमा होतात आणि ते दुर्गम भागासाठी वापरायचे असतात. आता त्याचं नाव 'डिजिटल भारत निधी' असं आहे. नीट विचार करा, कंपन्यांचं उत्पन्न येतं कुठून? आपल्या रिचार्जमधून. म्हणजे त्या निधीत पुण्याच्या मैत्रिणीच्या बाबांचा वाटा आहे आणि दगडावर उभ्या राहिलेल्या आमच्या मुलीच्या वडिलांचाही आहे. म्हणून पाड्याला इंटरनेट देणं ही कुणाची मेहेरबानी नव्हे. ते त्यांचं येणं आहे.

याच निधीतून ग्रामपंचायतींपर्यंत काचेची केबल नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. तिला आता भारतनेट म्हणतात. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या होत्या. सरकारी आकड्यांप्रमाणे त्यांपैकी दोन लाखांवर जोडल्या गेल्या. काम मोठंच आहे, ते मान्य करायला हवं. पण केबल ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आली म्हणजे पाड्यावरच्या मुलीपर्यंत आली असं होत नाही. कागदावर 'गाव जोडले' अशी नोंद होते आणि पाडा मात्र चार किलोमीटर लांबच राहतो. २०२३ साली या योजनेचा पुढचा टप्पा मंजूर झाला. त्यात केबल रिंगणासारखी टाकायचं ठरलं, म्हणजे एका बाजूनं तुटली तरी दुसऱ्या बाजूनं चालू राहील. आणि ग्रामपंचायतीपलीकडच्या गावांनाही मागणीनुसार जोडायचं ठरलं.

'मागणीनुसार'! हा शब्द मी वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला. मागणी करायची तर कुणी तरी मागायला हवं, हो ना?

मग आम्ही काय केलं ते सांगते. मुलांनी पाड्याचा 'रेंजचा नकाशा' काढला. शाळा, विहीर, अंगणवाडी, मोहाची झाडं, प्रत्येक ठिकाणी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मोबाइलवर किती काड्या दिसतात ते आठ दिवस मोजलं. जिथे काडी नाही तिथे लाल ठिपका, एक असेल तर पिवळा आणि दोन असतील तर हिरवा. अख्ख्या नकाशात हिरवा ठिपका एकच, दगडावरचा! खाली आम्ही यादी जोडली: कुणाला दवाखान्यात फोन लागला नाही, कुणाची शिष्यवृत्ती अडली, कुणाचा फॉर्म राहिला. गेल्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा नकाशा भिंतीवर लावला. एक आजोबा उठून म्हणाले, "नेट आलं की पोरं बिघडतील." त्यावर अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "आजोबा, रस्ता आला तेव्हा दारूही त्यावरून आली आणि डॉक्टरही. पोरांना काय घ्यायचं ते शिकवू या. पण रस्ताच नको असं कसं म्हणायचं?" पालकांनो, मोबाइल मुलांच्या हाती देताना वेळ ठरवून द्या, जवळ बसा, हे माझंही तुम्हाला सांगणं आहेच. पण तो निर्णय घरानं घ्यायचा. डोंगरानं नव्हे.

ठराव एकमतानं झाला आणि पुढे पाठवला. केबल अजून आलेली नाही. खोटं कशाला सांगू? आम्ही दर दोन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवतो. पत्र लिहायची पाळी आता चौथीची आहे. औपचारिक पत्राचा मायना त्यांना असा पाठ झालाय, की परीक्षेत त्या प्रश्नाची मला काळजी नाही!

आणि ती मुलगी? ती आता आठवीत आहे, आश्रमशाळेत राहून शिकते. गणित अजूनही तसंच. सुट्टीत घरी आली होती, तेव्हा नकाशावरचे ठिपके तिनंच मोजून दिले आणि शेकडेवारी काढून दिली. मी तिला म्हटलं, "त्या रात्री तू विचारलं होतंस ना, त्याचं उत्तर मला आता देता येतं. तुझं काहीच चुकलं नव्हतं. हिशोब करताना मोठ्यांनी तुला धरलंच नव्हतं." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग आता धरायला लावू या."

आता तुमच्यासाठी कामं. गावातल्या मुलांनो, तुम्हीही रेंजचा नकाशा काढा आणि तो बाईंना किंवा गुरुजींना दाखवून ग्रामसभेत मांडायला सांगा. शहरातल्या मुलांनो, तुम्ही एक दिवस नेटशिवाय राहून बघा आणि त्या दिवशी तुमची कोणकोणती कामं अडली त्यांची यादी करा. गंमत म्हणून नाही, नीट करा. पुण्याच्या मैत्रिणी, तुझी अर्ध्या दिवसाची यादी तयारच आहे, ती मला पाठव. मी आमच्या वर्गाला दाखवीन.

आणि हे आठवड्याचं कोडं: दगडावर एके दिवशी वेग सेकंदाला ५० हजार बिट मिळाला. ८० लाख बिटांचा फोटो जायला किती मिनिटं आणि किती सेकंद लागतील? तोंडी करा हं, मोबाइलवर नाही! उत्तर पुढच्या अंकात.

पत्रांची वाट बघते. पोस्टानं पाठवा, पोस्टमनकाका आमच्या पाड्यावर चालत येतात. चार किलोमीटर चालून!

तुमच्या,
पाटीवाल्या बाई